मुरुडला उमेदवार नव्हता

लातूरहून बार्शीच्या रस्त्याला लागले की मुरुड येते. पुढे धाराशिव जिल्हा संपून सोलापूर जिल्हा कुठे सुरू झाला, हे आज एसटीत बसलेल्या माणसाला पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. शंभर वर्षांपूर्वी मात्र ते न कळणे अशक्य होते. निजामाची हद्द संपायची आणि इंग्रजांची सुरू व्हायची. मध्ये करोडगिरीचा नाका होता. माल गाडीत असेल तर शेकडा पाच रुपये मोजून पुढे जायचे. अलीकडे हाली सिक्का चाले, पलीकडे कलदार रुपया, आणि शंभर कलदारांना एकशे सोळाच्या वर हाली रुपये द्यावे लागत. अलीकडे फसली सन आणि कचेरीत उर्दू होती, पलीकडे इसवी सन.

आणखी एक फरक होता. तो नाक्यावर कोणाला दिसत नसे. बार्शीच्या एखाद्या बड्या अडत्याला, वकिलाला किंवा भरपूर सारा भरणाऱ्या शेतकऱ्याला दिल्लीच्या कायदेमंडळात कोणी बसावे याबद्दल मत होते, म्हणजे कागदोपत्री, मोजले जाणारे मत. मुरुडच्या त्याच तोलाच्या माणसाला ते नव्हते. दोघेही मराठी बोलत, एकमेकांच्या घरी सोयरीक करत, एकाच बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या डब्यांतून फिरत. ही अरुंद रुळांची गाडी १८९७ साली बार्शीला आली आणि १९११ साली लातूरपर्यंत पोचली. कापूस, शेंगा, डाळी आणि माणसे या रुळांवरून सहज ये-जा करत होती. उमेदवार मात्र बार्शीलाच उतरून मागे फिरत.

ते उमेदवार कोण होते आणि मुरुडकरांना त्यांच्याशी काय देणेघेणे होते, हे या प्रकरणात पाहायचे आहे.

१९१९ च्या सुधारणा कायद्याने दिल्लीत दोन सभागृहे आली. वरचे राज्य परिषद म्हणून ओळखले जाई, खालचे मध्यवर्ती कायदेमंडळ. खालच्या सभागृहात साधारण एकशे पंचेचाळीस सभासद होते. त्यांतले शंभरावर निवडून यायचे, बाकीचे सरकार नेमायचे. देशाचे म्हणावे असे, बऱ्याच अंशी निवडून आलेले पहिले सभागृह ते हेच. पण निवडून देणारे किती? १९२० साली खालच्या सभागृहाचे मतदार नऊ लाखांच्या आसपास होते आणि वरच्याचे सुमारे सतरा हजार. ब्रिटिश हिंदुस्थानची लोकसंख्या तेव्हा चोवीस कोटींच्या वर होती. हिशेब केला तर पावणेतीनशे माणसांमागे एक मतदार पडतो. मताचा हक्क मालमत्तेवर होता: प्रांताप्रमाणे वर्षाला पन्नास ते दीडशे रुपये जमीनमहसूल, नाहीतर ठरावीक प्राप्तिकर किंवा नगरपालिकेचा कर. पन्नास रुपये सारा भरणारा शेतकरी त्या काळी गावचा बडा माणूस असे. म्हणजे बार्शीतही शंभरातले नव्याण्णव लोक मुरुडकरांइतकेच बिनमताचे होते, हे विसरून चालणार नाही. उरलेल्या त्या एकासाठी उमेदवार घाम गाळत होते.

मुंबई इलाख्याच्या वाट्याला सोळा निवडून द्यायच्या जागा आल्या. त्यांत मुसलमान, युरोपियन, जमीनदार, व्यापारी असे वेगळे कप्पे होते. आपल्याला ज्याच्याशी काम आहे तो मतदारसंघ ‘मध्य भाग’ या नावाचा. पुणे, सातारा, सोलापूर, नगर, नाशिक, पूर्व खानदेश, पश्चिम खानदेश, एवढा सगळा मुलूख एकत्र करून मुसलमानेतरांसाठी त्याला दोन जागा. आजच्या लोकसभेचे डझनभर मतदारसंघ त्यात सहज बसतील. सातपुड्याच्या पायथ्यापासून सांगोल्यापर्यंत उमेदवार स्वतः कुठे कुठे जाणार? म्हणून या निवडणुकीत उमेदवाराला दोन गोष्टी लागत: तालुक्याच्या गावी ओळखीचे वकील आणि हाताशी एखादे वर्तमानपत्र. ज्याच्याकडे ही दोन्ही भरपूर होती असा माणूस मध्य भागात एकच होता. तो म्हणजे ‘केसरी’चा संपादक.

तिथवर पोचण्याआधी १९२० चे नाटक सांगितले पाहिजे. लोकमान्य टिळकांनी त्या वर्षी एप्रिलमध्ये काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्ष काढला. नव्या कायदेमंडळांच्या निवडणुका लढवायच्या, हे त्यांचे ठरलेले होते. पक्षाचा जाहीरनामा निघाला, उमेदवार कोण उभे करायचे याची चर्चा सुरू झाली, आणि १ ऑगस्टला टिळक गेले. महिन्याभरात कलकत्त्याला काँग्रेसचे खास अधिवेशन भरले. गांधीजींचा असहकाराचा ठराव तिथे १,८८६ विरुद्ध ८८४ मतांनी संमत झाला, आणि त्यात कौन्सिलांवर बहिष्काराचे कलम होते. पुण्याच्या टिळकपंथीयांना हे पटले नव्हते. तरीही बहुतेकांनी शिस्त पाळली आणि निवडणुकीतून अंग काढून घेतले. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे मात्र थांबले नाहीत. ते राज्य परिषदेत गेलेच. नोव्हेंबरात मतदान झाले तेव्हा काँग्रेसवाल्यांनी मोकळ्या सोडलेल्या जागा नेमस्तांनी, रावबहादुरांनी आणि मिळेल त्याने भरल्या. मुंबई शहरात दहा टक्केही मतदार फिरकले नाहीत.

तीन वर्षांनी हवा बदलली. चौरीचौऱ्यानंतर असहकार थांबला होता, गांधीजी तुरुंगात होते. चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांनी १९२३ च्या जानेवारीत स्वराज्य पक्ष काढला. कायदेमंडळात शिरायचे आणि आतून सरकारची कोंडी करायची, हा त्यांचा बेत. महाराष्ट्रातल्या टिळकपंथीयांना हे आपलेच जुने म्हणणे वाटले असणार. नोव्हेंबर १९२३ मध्ये मध्य भागातून नरसिंह चिंतामण केळकर निवडून आले.

केळकर हे उमेदवार म्हणून पाहण्यासारखे आहेत. मराठी वाचक त्यांना साहित्यसम्राट म्हणून ओळखतो, टिळकचरित्राचे तीन खंड त्यांच्या नावावर आहेत. पण उमेदवारीच्या दृष्टीने त्यांचे बळ वेगळे होते. वकिलीची सनद होती. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या दोन्ही पत्रांचा अनुभव होता. पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले होते, म्हणजे अंदाजपत्रक, समिती, ठराव, दुरुस्ती ही भाषा अंगवळणी पडलेली. घणाघाती वक्ता ते नव्हते. त्यांचा हातखंडा युक्तिवादात. आणि मतदार किती मोजका होता ते वर पाहिलेच. तालुक्याचा वकील, पेठेतला व्यापारी, पेन्शनर मामलेदार, मोठा खातेदार, या माणसांना ‘केसरी’चा अग्रलेख सभेपेक्षा जास्त पटायचा. दर आठवड्याला मतदाराच्या ओसरीवर जाऊन पडणारा प्रचार दुसऱ्या कोणत्या उमेदवाराकडे होता? केळकरांच्या टीकाकारांनी हा मुद्दा तेव्हाही काढला असता तर तो खोटा ठरला नसता.

आणखी एक बारकावा. केळकर मूळचे मिरजेचे, म्हणजे पटवर्धनांच्या संस्थानातले. पुण्यात येऊन त्यांनी कर्तृत्व गाजवले म्हणून दिल्लीची वाट मोकळी झाली. ते मिरजेतच राहिले असते तर त्यांच्या गावाला मतदारसंघच नव्हता.

या उमेदवारांना दिल्लीत करता काय येत होते, असा प्रश्न रास्त आहे. थोडेच. १९२३ च्या मार्चमध्ये सरकारने मिठावरचा कर दुप्पट केला, मणाला सव्वा रुपयाचा अडीच रुपये. कायदेमंडळाने तो नाकारला तेव्हा व्हाइसरॉय रीडिंग यांनी आपल्या खास अधिकाराने लागू केला. त्याच वर्षाच्या शेवटी निवडणूक होती, आणि मीठ हा उमेदवारांना आयता सापडलेला विषय होता. आता पाहा: मिठागरातून मीठ बाहेर पडतानाच हा कर वसूल व्हायचा. ते मीठ पुढे बार्शीत विकले गेले काय आणि मुरुडच्या बाजारात विकले गेले काय, कर आत मिसळलेलाच. मुरुडची बाई वरणात टाकत होती त्या मिठाचा भाव दिल्लीत ठरत होता.

मिठापेक्षाही मोठे उदाहरण रुपयाचे. १९२६ साली हिल्टन यंग कमिशनने सुचवले की रुपयाचा भाव एक शिलिंग सहा पेन्स ठेवावा. युद्धापूर्वी तो एक शिलिंग चार पेन्स होता. दोन पेन्सांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण कापूसवाल्याला विचारा. लिव्हरपूलला एक पौंडाचा कापूस विकला, तर चार पेन्सांच्या भावाने हातात पंधरा रुपये पडत. सहा पेन्सांच्या भावाने त्याच पौंडाचे तेरा रुपये पाच आणे. दीड रुपयाहून जास्त जागच्या जागी गेला. कमिशनमध्ये पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी एकट्याने विरोधी टिपण लिहिले, आणि जमनादास मेहतांनी चार पेन्सांसाठी जोरदार मोहीम चालवली. १९२६ च्या निवडणुकीत मुंबई शहरातून मेहता आणि मुकुंदराव जयकर दिल्लीला गेले. १९२७ मध्ये विधेयक आले तेव्हा सरकार थोडक्या मतांनी जिंकले आणि सहा पेन्स कायम झाले.

लातूर ही कापसाची आणि शेंगांची मोठी पेठ. तिथला माल बार्शीमार्गे मुंबईला जायचा आणि मुंबईच्या भावावर लातूरचा भाव ठरायचा. त्यामुळे दिल्लीत झालेल्या त्या मतमोजणीचा चटका बार्शीच्या शेतकऱ्याला जेवढा बसला, तेवढाच मुरुडच्या शेतकऱ्याला. वर हाली-कलदारचा बट्टा वेगळा. बार्शीच्या माणसाने निदान केळकरांना पत्र लिहून विचारले असते, तुम्ही कोणत्या बाजूला मत दिले? मुरुडच्या माणसाने कोणाला विचारायचे?

१९२६ ची निवडणूक मराठी मुलखात घरातल्या भांडणाची होती. आदल्या वर्षी मध्य प्रांतात श्रीपाद बळवंत तांबे यांनी सरकारी कार्यकारी मंडळातले पद स्वीकारले आणि स्वराज्य पक्षात ठिणगी पडली. मोतीलाल संतापले. केळकर, जयकर आणि नागपूरचे डॉ. मुंजे यांनी तांब्यांची बाजू घेतली आणि प्रतियोगी सहकाराचा वेगळा गट उभा केला. सरकार देईल ते घ्यायचे, वापरायचे आणि पुढचे मागायचे, हे टिळकांचेच धोरण आहे असे ते सांगत. नागपूर भागातून १९२३ साली स्वराज्य पक्षाचे बॅरिस्टर अभ्यंकर निवडून आले होते. १९२६ मध्ये तिथून मुंजे गेले. ही माणसे आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत एका परिच्छेदात निकालात काढली जातात. एक तर ‘मवाळ’ नाहीतर ‘जातीय’ असा शिक्का मारला की काम झाले. मला ते पुरेसे वाटत नाही. मतदाराकडे जाऊन ‘मी हे केले, मी हे करू शकलो नाही’ असे सांगण्याची सवय मराठी राजकारणाला पहिल्यांदा याच माणसांनी लावली.

पुढचे भराभर सांगतो. १९३० मध्ये कायदेभंग सुरू असल्याने काँग्रेसने पुन्हा बहिष्कार घातला आणि मध्य भागातून ब्राह्मणेतर पक्षाचे भास्करराव जाधव दिल्लीला गेले. १९३४ मध्ये काँग्रेस परत मैदानात उतरली. तोवर केळकरांच्या पिढीचे दिवस भरले होते. दोन जागांवर काकासाहेब गाडगीळ आणि केशवराव जेधे ही जोडी आली. एक पुण्याचा ब्राह्मण वकील, दुसरा ब्राह्मणेतर चळवळीतून तावून निघालेला मराठा पुढारी. दहा वर्षांपूर्वी हे दोघे एकमेकांच्या विरुद्ध बाजूला उभे होते. त्यांची जोडी जमली ती तुरुंगात आणि सत्याग्रहात. पण मतदारांसमोर जाताना तिचा उपयोग किती झाला असेल हे खानदेशापासून सोलापूरपर्यंतच्या गावगाड्याची ज्याला माहिती आहे त्याला वेगळे सांगायला नको.

आता निजामाच्या हद्दीत परत येऊ. मराठवाड्याच्या दुसऱ्या टोकाला, नांदेडच्या उत्तरेला, याहून विचित्र स्थिती होती. पैनगंगेच्या अलीकडे हदगाव, पलीकडे उमरखेड आणि पुसद. पलीकडचा मुलूख वऱ्हाडचा. वऱ्हाड कायद्याने निजामाचाच होता. १९०२ साली लॉर्ड कर्झनने तो वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतला, पण सार्वभौमत्व निजामाचे राहिले. १९३६ मध्ये निजामाच्या थोरल्या चिरंजिवांना ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवीही मिळाली. म्हणजे उमरखेडचा शेतकरी नावापुरता का होईना निजामाच्याच छत्राखाली होता. त्याला मात्र मत होते!

इंग्रजांनी यातून वाट काढली ती सरकारी डोक्याला शोभणारी. वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानात नाही, तेव्हा तिथून निवडून आलेला माणूस दिल्लीत ‘निवडून आलेला’ कसा धरायचा? मग असे ठरले की वऱ्हाडात रीतसर निवडणूक घ्यायची आणि जो जिंकेल त्याला सरकारने नेमायचे. वणीचे माधव श्रीहरी अणे, म्हणजे लोकनायक बापूजी अणे, लोकांच्या मतांनी जिंकून दिल्लीला गेले आणि कायदेमंडळाच्या यादीत सरकारनियुक्त सभासदांत बसले. सरकारला सळो की पळो करून सोडणारा स्वराज्य पक्षाचा माणूस, आणि कागदावर सरकारचाच नेमणूकदार. पैनगंगा ओलांडून हदगावात आले की ही पळवाटही संपायची.

हैदराबाद संस्थानात कायदेमंडळ नव्हते असे नाही. १८९० च्या दशकापासून एक होते. त्यात सरकारी अधिकाऱ्यांचा भरणा, आणि जहागीरदारांनी व हायकोर्टाच्या वकिलांनी पाठवलेले मोजके बिनसरकारी सभासद. मुरुडचा खातेदार या दोन्हींत बसत नव्हता. सव्वा कोटींच्या संस्थानात सामान्य शेतकरी ज्याला मत देऊ शकेल असा उमेदवार ही चीजच अस्तित्वात नव्हती. १९२१ मध्ये दिल्लीत संस्थानिकांचे नरेंद्र मंडळ निघाले, त्यातही निजाम सामील झाला नाही. आपण इतर राजांच्या रांगेतले नाही, हा त्याचा तोरा होता. प्रजेच्या वतीने बोलायला कोणी नव्हते ते नव्हतेच, राजाही तिथे बोलत नव्हता.

जगाकडे पाहिले तर हे अधिकच खटकते. गोव्यातून १८२२ सालापासून लिस्बनच्या संसदेत प्रतिनिधी निवडून जात होते. मुंबईचे दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये लंडनच्या फिन्सबरीतून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी निवडून आले. मुंबईचेच शापुरजी सकलातवाला १९२२ मध्ये बॅटरसीतून मजूर पक्षातर्फे ब्रिटिश पार्लमेंटात बसले. म्हणजे मुंबईचा माणूस खुद्द इंग्लंडच्या कामगारांचा उमेदवार होऊ शकत होता. मुरुडचा माणूस आपल्याच गावाचा होऊ शकत नव्हता.

मग निजामाच्या प्रजेने काय केले? जिथे बोलू देतात तिथे जाऊन बोलले. १९२१ च्या फर्मानापासून संस्थानात राजकीय सभा घेणे मुश्कील झाले आणि १९२९ मध्ये ‘गश्ती निशाण ५३’ ने उरलीसुरली दारेही लावली. कोणतीही जाहीर सभा घ्यायची तर आधी परवानगी. त्यामुळे हैदराबाद संस्थानची राजकीय परिषद हैदराबादेत कधी भरलीच नाही. ती १९२३ मध्ये काकिनाड्याला भरली, १९२६ मध्ये मुंबईला, १९२८ मध्ये पुण्याला, १९३१ मध्ये अकोल्याला. पुण्याच्या परिषदेचे अध्यक्ष होते न. चिं. केळकर. ज्या गावांचे मत त्यांना कधीच मिळणार नव्हते त्यांचे गाऱ्हाणे त्यांनी ऐकून घेतले. मराठवाड्याला त्या काळात दिल्लीच्या सभासदाची जी काही ओळख होती ती अशी, दुसऱ्याच्या गावात आणि दुसऱ्याच्या मंडपात.

एक माणूस मात्र उलट्या दिशेने आला. गोरेगावचे नारायण मल्हार जोशी, आयटकचे संस्थापक, १९२१ पासून कामगारांचे प्रतिनिधी म्हणून मध्यवर्ती कायदेमंडळात होते. तेही नेमलेलेच. त्यांच्याकडे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात एक तरुण चिटणीस काम करत होता, व्यंकटेश खेडगीकर. कामगारांचे कायदे कसे तयार होतात, प्रश्न कसे विचारले जातात, हे त्याने दिल्लीत जवळून पाहिले. पुढे तो उस्मानाबाद जिल्ह्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवायला आला, संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाला, आणि मराठवाड्याचा लढा त्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला. जोशींच्या टेबलाजवळचा तो अनुभव स्वामींच्या चरित्रात दोन ओळींत उरकला जातो. मला तो जास्त मोलाचा वाटतो, कारण मराठवाड्यात तसा अनुभव असलेली माणसे शोधूनही सापडत नव्हती.

१९३५ च्या कायद्याने तरी काही बदलले असते का? त्या कायद्यातल्या संघराज्याच्या खालच्या सभागृहात हैदराबादला सोळा जागा ठेवल्या होत्या, वरच्यात पाच. पण संस्थानांच्या जागा संस्थानिकांनी भरायच्या होत्या. म्हणजे मुरुडच्या नावाने दिल्लीत बसला असता तो निजामाचा पसंतीचा माणूस. संघराज्याचा तो भाग अमलातच आला नाही, त्यामुळे हा प्रश्नही तिथेच राहिला. संस्थानातल्या लोकांनी १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषद भरवली, १९३८ मध्ये लातूरला. लातूर मुरुडच्या हाकेच्या अंतरावर. त्याच वर्षी स्टेट काँग्रेस स्थापन व्हायच्या आधीच तिच्यावर बंदी आली. निजामाने १९३९ मध्ये ज्या सुधारणा जाहीर केल्या त्यांत मत गावाला नव्हते, धंद्याला होते. शेतकऱ्यांचे वेगळे, वकिलांचे वेगळे, व्यापाऱ्यांचे वेगळे, वर हिंदू-मुसलमान समसमान. ती निवडणूक घ्यायला १९४६ उजाडले आणि स्टेट काँग्रेसने तिच्यावर बहिष्कार टाकला. बहिष्कार योग्यच होता. पण त्याचा अर्थ असाही झाला की सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली तेव्हा मराठवाड्याच्या खऱ्या पुढाऱ्यांपैकी कोणीही कधी उमेदवारी अर्ज भरलेला नव्हता.

१९५१-५२ च्या हिवाळ्यात मुरुडला पहिल्यांदा उमेदवार मिळाले. तेही एकदम दोन-दोन: एक विधानसभेला, एक लोकसभेला. एकवीस वर्षे पूर्ण झाली की मत. सारा किती भरता, हे कोणी विचारत नव्हते. लोकसभेच्या उमेदवाराला पाचशे रुपये अनामत भरावी लागे, अनुसूचित जातींच्या उमेदवाराला त्याच्या निम्मी. मतपत्रिकेवर शिक्का मारायची पद्धत तेव्हा नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवलेली, तिच्यावर त्याचे चिन्ह. मतदाराने कागद घ्यायचा, आडोशाला जायचे आणि हव्या त्या पेटीत टाकायचा. काँग्रेसची बैलजोडी ओळखायला अक्षरओळख लागत नव्हती.

मुरुड ज्या उस्मानाबाद मतदारसंघात होते तिथून काँग्रेसचे राघवेंद्रराव दिवाण निवडून आले. नांदेड मतदारसंघ दोन सभासदांचा होता, तिथून शंकरराव टेळकीकर आणि देवराव कांबळे. पण मराठवाडा एकट्या काँग्रेसच्या मागे गेला नाही. बीडला रामचंद्र गोविंद परांजपे जिंकले ते पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटकडून. हैदराबाद राज्यात कम्युनिस्ट पक्षावर बंदी असल्याने डाव्यांनी हे नाव घेतले होते. परभणीला शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे आले. त्या पक्षाच्या संस्थापकांतले एक केशवराव जेधे, मध्य भागातून अठरा वर्षांपूर्वी दिल्लीला गेलेले. स्वामी रामानंद तीर्थ स्वतः गुलबर्ग्यातून लोकसभेत गेले आणि १९५७ मध्ये औरंगाबादेतून.

त्या लोकसभेचे सभागृह म्हणजे १९२७ च्या जानेवारीत उघडलेल्या गोल इमारतीतले मध्यवर्ती कायदेमंडळाचेच दालन. पुण्याहून निवडून आलेले काकासाहेब गाडगीळ तिथे १९३५ पासून बसत होते. कोणत्या नियमाखाली तहकुबी मागायची, अंदाजपत्रकातली कपात कशी सुचवायची, कोणत्या खात्याच्या कोणत्या सचिवाला कुठे गाठायचे, हे त्यांना पाठ होते. त्यांच्या आधी त्याच मतदारसंघाने केळकर पाहिले होते, जाधव पाहिले होते. उस्मानाबादच्या, नांदेडच्या, बीडच्या, परभणीच्या सभासदांच्या मागे अशी कोणतीही रांग नव्हती. त्यांच्या मागे तुरुंग होता, सरहद्दीवरचे कॅम्प होते, सत्याग्रह होते. हा वारसा मोठाच आहे. मात्र कापसाच्या भावावर प्रश्न विचारायला तो पुरत नाही.

मराठवाड्याच्या अनुशेषाचा हिशेब आपण गेली कित्येक वर्षे मांडतो आहोत. १९८४ मध्ये दांडेकर समितीने रस्ते, सिंचन, वीज, शाळा, दवाखाने असे खाते-खाते उघडून आकडे काढले. १९२० ते १९५० या तीस वर्षांत मुरुडने न पाहिलेल्या निवडणुकांचे खाते त्यात नाही. माझ्या मते ते सगळ्यांत जुने आहे आणि बाकीच्या खात्यांतली बरीचशी तूट त्याच्यातूनच निघालेली आहे.